तिसरं चाक

गेल्या साली गणपती उठले आणि त्याच आठवड्यात तात्यांची बुलेट डेअरीसमोर आडवी झाली. वेग होता म्हणावं तर गाडी उभीच होती. डेअरीच्या चेअरमनशी दोन शब्द बोलायला तात्या थांबले, डावा पाय खाली टेकला, पायाखाली बारीक खडी होती. पाय सरकला आणि दीडशे किलोच्या वरची ती गाडी त्यांना घेऊनच खाली गेली. किटलीतलं दूध रस्ताभर झालं. दुधाच्या रांगेतली पोरं धावली, तर गाडीखाली अडकलेले तात्या ओरडत होते, "आरं, आधी गाडी उचला! पेट्रोल सांडतंय!"

पाय मोडला नाही. घोटा मात्र भोपळ्यासारखा सुजला. त्या दिवसापासून आमच्या आळीत एकच विषय सुरू झाला. तात्यांनी आता गाडी सोडावी, की गाडीला तिसरं चाक लावावं?

तात्या माझे चुलत भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी थोरले. त्यांना अठ्ठ्याहत्तर पुरी झालेली, मला एकाहत्तर. लोक त्यांना सल्ला देत होते आणि मी गप्प होतो. कारण त्याच पावसाळ्यात मीही घरासमोरच्या चढाला दोनदा पडलो होतो, दोन्ही वेळेला गाडी उभी असताना. घरी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची गाडी पळताना पडत नाही, थांबताना पडते. पळणारी दुचाकी स्वतःला सावरते, थांबलेली आपल्याला सावरावी लागते. आणि त्यासाठी जो गुडघा लागतो तो एव्हाना झिजलेला असतो.

या निर्णयात एवढं अवघड काय, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. त्यासाठी आमच्या भागात चाकं कशी आली ते थोडं सांगायला पाहिजे.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, कमी पावसाचं. माझ्या लहानपणी गावात बैलगाड्या आणि पाच-सात सायकली होत्या. वाट म्हणजे चाकोरी. हा शब्द आता भाषणात वापरतात, 'चाकोरीबाहेरचं' वगैरे. आम्हाला ती डोळ्यांनी दिसायची. गाडीच्या दोन चाकांनी पाडलेले दोन खोल चर आणि मधे गवताचा उंचवटा. सायकलवाला दोहोंपैकी एक चर धरायचा. एकदा चर धरला की गाव येईपर्यंत बाहेर निघायची सोय नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला आणि सरकारनं कामं काढली. माझी आई, चुलत्या, अख्खा गाव खडी फोडायला गेला. त्या खडीचे रस्ते झाले. दुष्काळानं आमची गुरं नेली आणि रस्ते दिले, असं माझे वडील म्हणायचे. त्या रस्त्यांवरूनच पुढच्या आठ-दहा वर्षांत मोटारसायकली आल्या.

पहिली आली ती राजदूत. मूळचा सांगाडा पोलंडच्या गाडीचा, बनवायची एस्कॉर्ट्स कंपनी. पेट्रोलात ऑइल मिसळायचं, मागं निळा धूर सोडायचा, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगायचे. गवळ्यांची गाडी म्हणून नाव पडलं, पण तिच्याइतकी मार खाणारी दुसरी गाडी मी पाहिली नाही. मी १९७६ ला पशुसंवर्धन खात्यात लागलो. लोक गुरांचा डॉक्टर म्हणायचे. खरं म्हणजे मी डॉक्टर नव्हे, पण गाय अडली की गावाला फरक कळत नाही. चार वर्षं सायकलवर काढली आणि १९८० ला अग्रिम घेऊन राजदूत घेतली. रात्री दोन वाजता निरोप यायचा, अमक्याची म्हैस अडलीय. किक मारायची आणि निघायचं. मागं नत्राचं कॅन बांधून चौदा गावं फिरलो. गाडी नसती तर त्यातली किती वासरं जगली नसती हे मला ठाऊक आहे.

स्कूटर त्या काळी पैसे असूनही मिळायची नाही. बजाजसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. पोरगी दाखवायच्या आधी नंबर लावायचा, लग्नापर्यंत स्कूटर मिळाली तर मिळाली, असा विनोद होता. १९७५ ला आमच्या जिल्ह्याच्याच गावात, साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी निघाली आणि तिची 'प्रिया' रस्त्यावर आली. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पण स्कूटरची चाकं लहान, आमचे खड्डे मोठे. तिच्यावर मामलेदार कचेरीतले लोक आणि हायस्कूलचे मास्तर. शेतकरी राजदूतवर.

बुलेट मात्र फौजेची. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली ती लष्कराच्या मागणीच्या जोरावर, आणि आमचा जिल्हा तर शिपायांचा. तात्या पंधरा वर्षं नोकरी करून आले आणि १९८२ ला त्यांनी बुलेट घेतली. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. किक मारायच्या आधी अँमीटरचा काटा बघून डीकंप्रेशरचा खटका दाबायचा. काटा चुकला तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. आमच्या गावातल्या तिघांच्या नडगीवर त्या गाडीची सही आहे. आवाज शीवेवरून यायचा आणि आमची काकू चुलीवर तवा टाकायची.

आता तीन चाकांचं. तीन चाकं आमच्याकडं नव्हती असं नाही. बजाज टेम्पोची तीनचाकी भाजीपाला न्यायची. तिच्यावरून मालगाडीला आजही आम्ही टेम्पोच म्हणतो. पुढं वडापला मिनिडोर आली. सहा जणांची जागा, चौदा माणसं. मग बारामतीत पियाजिओचा कारखाना झाला आणि रस्ताभर ॲपे झाल्या. पण नीट बघा. तीन चाकं म्हणजे एकतर भाड्याची, नाहीतर मालाची. स्वतःच्या मालकीची, स्वतः मिरवायची तीनचाकी आमच्या गावात कुणाचीच नव्हती.

एक सोडून. ती गुरुजींची.

गुरुजींना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय वाळलेला. त्या पिढीत प्रत्येक गावात असं एक तरी माणूस होतं. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ सालचा, आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. गुरुजी आमच्या प्राथमिक शाळेत लागले तेव्हा त्यांच्याकडं हातानं फिरवायची तीनचाकी सायकल होती. शेजारच्या वाडीवरून तीन किलोमीटर ते हातानं चाक फिरवत यायचे. घंटा त्यांच्यासाठी कधी थांबली नाही. ते घंटेच्या आधी हजर असायचे.

१९८४ ची गोष्ट. गावची यात्रा होती. ओढ्याला पाणी आलं होतं आणि गुरुजींची सायकल मधोमध वाळूत रुतली होती. मी, तात्या आणि आणखी एक जण, तिघं माझ्या राजदूतवर. नवी गाडी, डोक्यात हवा. आम्ही शेजारून पाणी उडवत गेलो आणि माझ्या तोंडातून निघालं, "गुरुजी, ते तिसरं चाक काढून टाका, म्हंजी निघंल!" तिघंही हसलो. पुढं जाऊन थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. थांबलो नाही. त्यांना नंतर एका मेंढक्यानं बाहेर काढलं असं कानावर आलं.

पुढं गुरुजींनी कायनेटिक होंडा घेतली. बटण दाबलं की चालू होणारी, बिनगिअरची. ती गाडी आली तेव्हा बायाबापड्यांची स्कूटर म्हणून पुरुषांनी नाकं मुरडली, पण ज्याला किक मारायला पाय नाही त्याला तिनं पाय दिले. साताऱ्याच्या एका फिटरकडून गुरुजींनी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चाक लावून घेतलं. मोजली तर चाकं चार होतात. तरी गावानं तिला तीनचाकीच म्हटलं आणि त्यांना 'तीनचाकी गुरुजी'. पोरं, पालक, सरपंच सगळे. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणावं?

म्हणजे तिसऱ्या चाकाचा आमच्या गावातला इतिहास हा असा आहे. तात्यांना कुणीतरी म्हणालं, "तीनचाकी करा," तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला सांगायला नको.

घोटा उतरल्यावर तात्या आणि मी तालुक्याला एजंटकडं गेलो. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते आणि आर.सी. बुकात नोंद लागते, हे त्यानं समजावलं. पंचावन्नच्या पुढं लायसन दर पाच वर्षांनी नवं करायचं, डॉक्टरचा दाखला लावायचा, हे आम्हाला माहीत होतं. मग तो म्हणाला, पाय अधू असेल तर अशा गाडीचा लायसनवर निराळा वर्ग असतो. १९८८ च्या कायद्यात त्याचं नाव होतं 'इनव्हॅलिड कॅरेज'. २०१९ ला कायदा दुरुस्त झाला तेव्हा तो शब्द काढून 'अडॅप्टेड व्हेईकल' केलाय. पण एजंटच्या तोंडात जुनाच शब्द बसलेला.

"इनव्हॅलिड?" तात्या उठलेच. "एकाहत्तरच्या लढाईत होतो मी. आता लायसनवर इनव्हॅलिड लिवून घिऊ?"

आर्मीत ज्याला घरी पाठवतात त्याला तो शब्द लावतात, हे मला त्यांनीच परतताना सांगितलं. गाडी मी चालवत होतो. ते मागं बसून अर्धा तास काही बोलले नाहीत.

नंतर त्यांनी साइडकारचं काढलं. बुलेटला शेजारी पाळणा लावायचा. फौजेत त्यांनी पाहिल्या होत्या, आणि गावाला साइडकार म्हटलं की १९७५ चा 'शोले' आठवतो, त्यात कुणाला कमीपणा नव्हता. तालुक्याच्या जुन्या मेस्त्रीनं मात्र सरळ सांगितलं. डाव्या बाजूला वजन लोंबकळतं, त्यामुळं पिळलं की गाडी डावीकडं ओढते आणि ब्रेक मारला की उजवीकडं. पाळणा रिकामा असला तर डावीकडं वळताना उचलतो. हे सगळं शिकता येतं, पण "तात्या, किक कोण मारणार?" साइडकारनं गाडी पडायची थांबेल, गुडघा काही नवा मिळणार नाही. तात्यांच्या बुलेटला बटण नाही. तिथं तो विषय संपला.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "अण्णा, गाडी सोडा आता. कुठं जायचं असेल तर रिक्षा करा." पोरांना वाटतं जायचं म्हणजे कुठंतरी ठरवून जायचं असतं. सकाळी डेअरी, दहाला सोसायटी, दुपारी मळ्यावर मोटार चालू झाली का बघायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी गोठ्यात. या एकेका फेरीला रिक्षा कोण करतं? आणि रिक्षावाल्याला फोन केला की तो विचारतो, कितीला येणार? आमच्या कामाला वेळ नसतो. घरच्या मंडळींचं म्हणणं वेगळंच होतं. "तुमच्या मागं बसायला मला भ्या वाटतंय," एवढंच ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. दोनदा पडलेलं तिला माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

दसऱ्यानंतर एका रविवारी मी गुरुजींकडं गेलो. चाळीस वर्षांत त्यांच्या घरी मी गुरं तपासायलाच गेलो होतो. ते आता पंच्याहत्तरचे. अंगणात गाडी उभी होती, आता नव्या बनावटीची बिनगिअर स्कूटर, तशीच दोन्ही अंगांना चाकं.

"गुरुजी, जरा चालवून बघायची होती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चहा सांगितला. मग कुबडी घेतली आणि म्हणाले, "चला डॉक्टर, शाळेच्या ग्राउंडवर. रस्त्यावर नको."

पंचेचाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. मला वाटलं यात शिकायचं काय? पहिल्याच वळणाला मी झेंड्याच्या कट्ट्याकडं निघालो. गुरुजी ओरडले, "ब्रेक! ब्रेक!" कट्टा हातभर राहिला.

त्यांनी मग फोड करून सांगितलं, पोरांना गणित सांगावं तसं. दुचाकी वेगात असली की डावीकडं जाताना आपण नकळत डावी मूठ किंचित पुढं रेटतो. गाडी डावीकडं कलते आणि त्या कलण्यानं वळते. कुणी शिकवत नाही, अंगाला कळतं. ही गाडी कलतच नाही. हिची डावी मूठ पुढं रेटली की पुढचं चाक सरळ उजवीकडं वळतं. म्हणजे जितका माणूस दुचाकीला मुरलेला, तितका तो इथं चुकणार. "नवशिका पोरगा दहा मिनिटांत शिकतो. तुम्हाला आठवडा लागंल," ते म्हणाले. "हँडल गाडीला वळवायला, अंग आत टाकायचं ते गाडी उलटू नये म्हणून. दोन्ही कामं वेगळी धरा."

आणखीही बरंच सांगितलं. रस्त्याला डावीकडं उतार असतो, दुचाकीला तो कळत नाही, हिच्यावर बसलं की दिवसभर डावीकडं झुकल्यासारखं होतं आणि कंबर धरते. दुचाकीवर खड्डा चुकवतो, इथं एक चाक वाचवलं तर दुसरं सापडतं, तेव्हा कोणतं चाक खड्ड्यात घालायचं ते आधी ठरवायचं. चौकात थांबलात तर पाय खाली सोडायची सवय तोडा, पाय चाकात जाईल. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जड गेली. गाडी थांबली की पाय आपोआप खाली जायचा, आणि गाडी आपली उभीच, पडायचं नावच नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला एकदम हसू आलं. कुणी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं.

निघताना मी आभार मानले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ओढ्याबद्दल. शब्द जुळवत होतो तेवढ्यात गुरुजीच म्हणाले, "लावून घ्या. फक्त अधेमधे कुठं रुतलात, तर तिसरं चाक काढून टाकू नका."

ते हसले. मी मान खाली घातली. चाळीस वर्षं.

साताऱ्याच्या फिटरनं माझ्या स्कूटरला चाकं लावली. पूर्वी त्याच्याकडं सगळी गिऱ्हाइकं पोलिओची असायची, असं तो म्हणाला. आता पोलिओ झालेली तरुण माणसं येत नाहीत, ती राहिलीच नाहीत. येतात ती माझ्यासारखी. कागद, तपासणी, नोंद हे सगळं एजंटनं केलं. दिवाळीच्या आठवड्यात गाडी घरी आली. मंडळींनी चाकांना हळदकुंकू लावलं, मोजून चार ठिकाणी, आणि मागं बसून देवळापर्यंत आली.

सगळं सुटलं असं मात्र नाही. आमच्या मळ्याला जायची पाणंद अजून तीच चाकोरीची आहे, फक्त आता ती ट्रॅक्टरनं पाडलेली. माझी बाजूची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा अरुंद. मधलं चाक चरात घातलं की एक बाजूचं चाक उंचवट्यावर चढतं, दुसरं बांधावर, आणि ज्या चाकाला इंजिनचा जोर ते अधांतरी फिरत राहतं. उंचवट्यावरून न्यावी तर दोन्हीकडची चाकं चरांच्या काठावरून घसरतात. पहिल्याच दिवशी अर्धा तास रुतलो. एक ऊसतोडीचं जोडपं येऊन काढून गेलं. तेव्हापासून गाडी पुलाजवळ लावतो आणि पुढचा पाऊण किलोमीटर चालतो. मळ्यावर दिवसातनं दोनदा व्हायचं ते आता एकदाच होतं. रात्रीच्या पाळीची वीज आली की पाणी धरायला गडी बघावा लागतो. हे नुकसान खरं आहे आणि ते मी हिशेबात धरलेलं आहे. दुचाकीवर पाणंदीनं सरळ विहिरीपर्यंत जायचो.

तात्यांनी काही लावलं नाही. बुलेट छपरात मधल्या स्टँडवर आहे. दर सोमवारी नातू किक मारतो, तात्या काटा बघून "आता!" म्हणतात, पाच मिनिटं आवाज ऐकतात आणि बंद करतात. विकायला मागणारे खूप आले, जुन्या बुलेटला पोरं वेडी झालीत. तात्या किंमतसुद्धा विचारत नाहीत.

नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. दरवर्षी तात्या बुलेटवर जायचे, प्रेसची पँट आणि टोपी घालून. यंदा महिन्याची वीस तारीख उलटली तरी हालचाल दिसेना. काकूंनी मला निरोप धाडला. मी गाडी घेऊन दारात गेलो आणि हॉर्न दिला. तात्या पायरीवर उभे राहून बराच वेळ चाकांकडं बघत राहिले.

"तालुक्याला निघालोय," मी म्हणालो. "औषधं आणायचीत. येताय का?"

"औषधं मागच्या आठवड्यात आणलीस की," ते म्हणाले. मग आत गेले. मला वाटलं संपलं. पाच मिनिटांनी टोपी घालून, कागदाची पिशवी घेऊन आले आणि काही न बोलता मागं बसले. आळीतून जाताना पारावरची माणसं बघत होती. कुणी काही बोललं नाही, किंवा बोललं असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही.

गावाबाहेर ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं उजवीकडं मोठं वळण आहे. मी हँडल वळवलं आणि मागून तात्यांनी, मी काही सांगायच्या आत, अंग उजवीकडं आत टाकलं.

"हळू घे," ते म्हणाले. "पुढं खडी आहे."